केरबाची माती जिवंत झाली

एका गावात केरबा नावाचा एक भोळा शेतकरी होता. 'जरा थांब' म्हणून कुणी पुढं गेलं, तर तो माणूस जेवून, झोपून उठेपर्यंत केरबा तिथंच उभा असायचा.

त्याच्या सासऱ्यांनी लेकीला अर्धा एकर जमीन दिली होती. एकदा ते शेत बघायला आले. ढेकूळ फोडलं. आत एक गांडूळ नाही, साधी मुंगीसुद्धा नाही.

"जावईबापू, मातीत जीवच न्हाई राहिला. दिवाळीला परत येतो. जीव दिसला तर जमीन तुमची, न्हाईतर माघारी घेतो."

केरबाची बायको हौसा रडायलाच लागली. तिला तिथं हरभरा करायचा होता.

केरबा तालुक्याला माती तपासणाऱ्या मॅडमकडे गेला. मॅडमनी चांगल्या मातीची चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. केरबानं डोळा लावला आणि टुणकन उडालाच. आत जत्रा भरली होती! कुणी वळवळतंय, कुणी गरगर फिरतंय, कुणी नुसतंच लोळतंय.

"हे पाचोळा कुजवतात," मॅडम म्हणाल्या. "हे पिकाला नत्र मिळवून देतात. आणि हा आहे ना, तो या दोघांना खातो."

"आणि समदे एका चिमटीत नांदत्यात? आमच्यात दोन भाऊ एका घरात नांदत न्हाईत!"

"तुमच्या मातीत ते उरले नाहीत. उन्हानं करपलेत. माती उघडी ठेवू नका, तिला पांघरूण घाला."

केरबा घरी आला. सगळ्या गोधड्या, शेजारच्यांची सतरंजी, हौसाचा लग्नातला शालू, सगळं शेतावर अंथरलं. कडाही नीट खोचल्या.

"अवो, मातीचं पांघरूण म्हंजे उसाचं पाचट! वाळला पाला!" हौसा किंचाळली.

"असं व्हय? आता न्हाई चुकत."

दुसऱ्या दिवशी हौसाला हुडहुडी भरली. म्हणाली, "अवो, पांघरूण घाला." केरबानं गाडीभर पाचट आणून तिच्यावर ओतलं. हौसा दिसेनाशी झाली. आतून नुसत्या शिंका येत होत्या.

"मी काय वावर हाय? जित्तं माणूस हाय मी! जित्तं असंल त्याला उबेला ठेवावं, चुलीपाशी!"

"आता न्हाई चुकत."

आठवड्यानं मॅडमनी त्याला एक पुडी दिली. "यात बियाण्याला लावायचे जिवाणू आहेत. जिवंत आहेत हं, जपा." केरबानं इतकं जपलं, इतकं जपलं, की पुडी दोन दिवस चुलीला चिकटूनच होती. जिवाणू भाजून निघाले.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, जिवंत आहे ते चुलीपाशी नाही ठेवायचं! गुळाच्या पाण्यातून चोळायचं, सावलीत सुकवायचं, उन्हं उतरली की थेट मातीत. मग आपोआप वाढतं. आता पुड्या संपल्या, पुढच्या महिन्यात या."

"आता न्हाई चुकत," म्हणत केरबा रिकाम्या हातानं घरी आला. दिवाळी तोंडावर आलेली, आणि बघतो तर दारात सासरे! हौसा दळण आणायला गेलेली.

"मामा, बरं हाय न्हवं?"

"कसलं बरं? गुडघे धरल्यात. जित्ता हाय, एवढंच."

केरबाचे डोळे चमकले. "जित्तं हाय?"

"हाय बाबा."

केरबानं घमेलंभर गुळाचं पाणी केलं आणि मामांना डोक्यापासून पायापर्यंत चोळलं. मामांना वाटलं, जावई गुडघ्यावर औषध लावतोय. कौतुकानं त्यांचे डोळे भरून आले. मग केरबानं त्यांना लिंबाखाली सुकवलं. उन्हं उतरल्यावर शेतात नेऊन खड्ड्यात बसवलं आणि माती ओढली. "व्वा! गार वाटतंय," मामा म्हणाले आणि पेंगायला लागले.

हौसा दळण घेऊन आली. "बा आल्यात म्हणं? कुठं हायत?"

"पेरलं."

"काय?"

"कमरेपतुर. लई खोल गेलं तर कुजत्यात."

तेवढ्यात शेतातून बोंब उठली. दोघं धावले. बांधापलीकडच्या काळ्या, तांबड्या, बारक्या, डोंगळ्यासारख्या, झाडून सगळ्या मुंग्या गुळाच्या वासानं आल्या होत्या. मामा दोन्ही हातांनी अंग बडवत होते.

"जावईबापू! जीव दिसला! लई दिसला! जमीन तुमचीच! आता मला उपटा!"

हौसा माती उकरायला धावली. केरबानं तिचा हात धरला.

"थांब, एवढ्यात कसं उपटायचं? अजून कोंबसुदीक न्हाई फुटला."

आणि तो पाण्याची मोटर चालू करायला गेला.