तेरा नंबरचा खांब

“बुवा, अजून किती ठोकायचा हा?”

सुलक्षणाने हातोडी खाली घेतली. समोर तेरा नंबरचा खांब. लाकडी, काळपट, ताठ. कातळसड्यावरच्या वाडीला वीज त्याच्याच खांद्यावरून गेली होती. आता शेजारी लोखंडी खांब उभा केला होता. जुन्यावर चढायचं, तारा सोडवायच्या, नव्यावर घ्यायच्या. त्यासाठी दुपारपर्यंत वीज बंद.

वारंगबुवा दगडावर बसून होते. निवृत्त लाइनमन. पण लाकडी खांबाचं काम निघालं की बोलावणं त्यांनाच जायचं. भजनाचे बुवाही तेच. बोलणं मात्र मोजकं.

“काय म्हणतो खांब?”

“टणक आहे. चारी बाजूंनी ठोकला. आवाज भरीव.”

“हं...”

पलीकडे दोघे सहकारी तंबाखू मळत होते. त्यातला एक म्हणाला, “वहिनी, राहू दे. आम्ही चढतो. तुम्ही आपलं ऑफिसात रजिस्टर सांभाळा.”

ऑफिसातल्या साहेबांनीही तेच बजावलं होतं. आज चढली नाही, तर उद्यापासून टेबल.

एरवी ही बाई गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या वाटेवरून परत जाणारी. आठ महिन्यांची लेक शांत झोपली, तरी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी. पण आज तिने सगळ्या शंका घरी ठेवल्या होत्या. चारचौघांत दिसायला नकोत.

“आयटीआयला पहिली आलेय मी, बुवा. लाकूड कळतं मला.”

“लाकूड कळतं, खरं. मातीला विचारलंस?”



बुंध्याशी कुणीतरी म्हैस बांधायला मातीचा ओटा घातला होता. बुवांनी खुरपं पुढे केलं. ती खणायला बसली. वीतभर माती निघाली, तसं लाकूड ओलसर लागलं. तिने पेचकस टेकवला, जरा दाबला.

तो मुठीपर्यंत आत गेला.

बाहेर काढला, तर टोकाला ओला भुसा. तंबाखू मळणारे हात थांबले.

“मग... मग हा उभा कसा?”

बुवांनी बोट वर केलं. दोन्ही अंगांनी तारा ताणलेल्या होत्या.

“आपण म्हणतो, खांबाने तारा धरल्यात...” बुवा म्हणाले.

सुलक्षणा तिथेच मातीत बसून राहिली. ती वर गेली असती. एक तार सोडवली असती, मग दुसरी...

मग म्हणाली, “टेबलच बरं मला, बुवा. घरी नको तिथे भिते. इथे भ्यायला हवं होतं, तर नाही भ्याले.”

“भीती घरी कशाला ठेवलीस?”

“लोक हसतात.”

“हसू देत. हत्यार घरी ठेवून कामाला येतं का गो कुणी?”

बुवा उठले.

“दोर आणा रे!”

जुन्या खांबाला तीन दोर, तीन दिशांना. एक जांभळाच्या झाडाला, एक नव्या खांबाला, एक जमिनीत ठोकलेल्या मेखेला. दोन त्या दोघांनी बांधले, तिसरा सुलक्षणाने. मग तिने तिन्ही गाठी ओढून पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. पुन्हा एकदा.

“वहिनी, किती वेळा?” मघाचाच हसला.

ती जांभळापाशी जाऊन चौथ्यांदा बघायला लागली. हसणाऱ्याने आपली गाठ गुपचूप पुन्हा आवळली.

कमरेचा पट्टा कसून ती जुन्या खांबाला टेकवलेल्या शिडीशी आली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबली.

“बुवा... आता हा नक्की पडणार नाही ना?”

बुवांनी खांबाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“पडणार, बाय. तू खाली आलीस, दोर सोडले की पडणार. चढ.”