ओंजळीचा भार

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या एका शहरात एक तरुणी राहत होती. शिकायला म्हणून ती गावाहून तिकडे गेली आणि शिकवायला म्हणून तिथेच राहिली. तिथे तिला कशाची वाण नव्हती. फक्त थंडी पडली, की आईच्या हातचे डिंकाचे लाडू आठवत आणि मग समोरच्या ताटावरून तिचे मन उडे.

आईचे माप म्हणजे तिची ओंजळ. खारकेची पूड, खोबऱ्याचा कीस, तळून फुलवलेला डिंक, चिरलेला गूळ, सगळे ओंजळीनेच. पण ती ओंजळ मोठी लहरी. खोबऱ्याला सैल, डिंकाला जेमतेम, गुळाला शिगोशीग. लेकीने शहरात आपल्या ओंजळीने कितीदा करून पाहिले, तरी ती चव येईना.

‘आईची ओंजळ एकदा तोलूनच आणते,’ असे ठरवून ती तराजू घेऊन गावी गेली.

“आता माझ्या हातांची झडती घेतेस होय गं?” आई हसत म्हणाली. तिने खारकेच्या पुडीची ओंजळ पारड्यात रिकामी केली. लेकीने वजन टिपले. आईने खोबऱ्याकडे हात नेला.

“राहू दे आई. ओंजळ तीच, मग वजनही तेच. बाकीचा हिशेब मी करते.”

“अगं, पण खोबरं...”

“बाहेर गाडीवान हाका मारतोय!”

“बरं बाई. शिकलेली तू.”

लेक निघाली. खोबऱ्याकडे गेलेला आईचा हात तसाच अधांतरी राहिला.

शहरात तिने सगळे जिन्नस खारकेच्याच वजनाने घेतले. डिंकाचा डोंगर झाला, खोबरे परातीबाहेर सांडले आणि गूळ कुठल्या कुठे हरवला. लाडू वळेचना. मुठीत धरला की भुगा. त्या भुग्याकडे बघताना तिला आईचा तो अधांतरी हात आठवला.

पुढच्या थंडीत ती पुन्हा गावी गेली. पण आता आईची बोटे आखडली होती. ओंजळ धरली, की सगळे फटींतून गळून जाई. लेकीने तराजू बाजूला सारला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

“रडतेस काय वेडे?” आई म्हणाली. “बोटं गेली, तळवे आहेत ना? भार आठवतो त्यांना. ठेव.”

लेकीने फडक्यात खोबरे बांधून पुरचुंडी आईच्या तळव्यांवर ठेवली. आईने डोळे मिटले.

“हलकं आहे. घाल अजून. अजून जरा... हं, बास.”

मग गूळ. “एवढाच? लाडू वळायचेत की नुसतं तोंड गोड करायचंय?”

मग डिंक. “अगं बाई, केवढा हा! काढ, काढ.”

बाहेर गाडीवानाने हाक मारली. लेक उठली आणि त्याला म्हणाली, “दादा, तुम्ही जा. मी आज येत नाही.”

आईच्या तळव्यांवरून उतरलेली एकेक पुरचुंडी तिने सावकाश तोलली. त्याच दुपारी लाडू वळले. पहिला तिने आईला भरवला. आई बराच वेळ चघळत राहिली. मग म्हणाली, “हे मी केले तरी कधी गं?”

पुढे आई राहिली नाही. थंडी पडते, लेक शहरात तराजू काढते. आता तिला सगळी वजने पाठ आहेत. तरीही पारड्यात ठेवण्याआधी प्रत्येक पुरचुंडी ती क्षणभर आपल्या तळव्यांवर धरते आणि डोळे मिटते.

तात्पर्य: ओंजळ एकच असली, तरी तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीचा भार निराळा असतो. तो जाणून घ्यायला सवड काढावी, सांगणारे हात आहेत तोवर.