ओढ्यापलीकडची वाट

फार जुन्या काळी एका डोंगराच्या पायथ्याशी छोटेसे नगर वसले होते. नगराचा कारभार पाच पंच बघत. त्यांचे प्रमुख भिवाजीराव. माणूस सरळ आणि शब्दाला जागणारा.

नगरात एक तरुणघर होते. तिथे एक म्हातारा सुतार मुलामुलींना रंधा मारायला शिकवी, एक बाई लिहायला-वाचायला शिकवीत. पण दोन वर्षांपासून तिथली वर्दळ कमी होत होत जवळजवळ थांबली होती.

त्या वर्षी पंचांपुढे दोन प्रश्न आले. तरुणघर चालू ठेवायचे का, आणि नवी पायवाट कुठून काढायची? भिवाजीरावांनी तळ्याकाठच्या वाटेचा नकाशा आधीच करून घेतला होता. दुतर्फा झाडे, मधूनमधून दगडी बाक. संध्याकाळी सोबत्यांबरोबर तिथून रमतगमत फिरावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. सोबत्यांना तसा शब्दही देऊन झाला होता. तरुणघर बंद केले, की त्या पैशांत वाट सहज होणार होती.

भर सभेत ते म्हणाले, "गरज असती तर मुलं आली असती. रिकामं घर किती दिवस चालवायचं?"

दोन पंचांना हे पटले, दोघांना पटले नाही. आता निकाल भिवाजीरावांच्या एका मतावर होता. ते बोलणार, तोच मागून एक मुलगी उठली. ती डोंगरातल्या वरच्या वस्तीवरची हौसा. तरुणघरात पूर्वी बहुतेक मुले तिथूनच येत.

"काका, आम्हाला यायचंय. येता येत नाही."

"का गं? वस्तीवरून खाली यायला वाट आहे की!"

"तुम्ही कधी आलात त्या वाटेनं?"

एक पंच पुटपुटले, "केवढी ही जीभ!" भिवाजीरावांनाही राग आला होता. पण प्रश्न रास्त होता. नकाशा गुंडाळत ते म्हणाले, "नाही आलो. आजची सभा इथंच थांबवू. उद्या बसू." त्यांनी वहाणा चढवल्या आणि ते हौसाबरोबर निघाले.

अर्धी वाट बरी होती. पुढे ओढा लागला. तो ओलांडायला शेवाळलेले चार दगड, आणि खाली खोल घळ. दुसऱ्याच दगडावर भिवाजीरावांचा पाय सटकला. हौसाने त्यांचा दंड घट्ट धरला म्हणून ते वाचले. पलीकडे पोचल्यावर ते एका दगडावर टेकले.

"दोन वर्षांपूर्वी माझा भाऊ इथंच पडला," हौसा म्हणाली. "अजून लंगडतो. तेव्हापासून आया कुणालाच खाली पाठवत नाहीत."

"मग सभेत येऊन सांगितलं का नाही कुणी?"

"सभेलाही याच वाटेनं यावं लागतं, काका. आज मी आईला न सांगता आले."

भिवाजीराव उठले आणि वस्तीकडे चढू लागले. वस्तीवर त्यांनी घरोघरी जाऊन विचारले. तरुणघरात यायची इच्छा असलेली तेवीस मुले-मुली निघाली. त्यातल्या एका मुलाने तर तरुणघरात शिकलेली अक्षरे विसरू नयेत म्हणून भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सभेत भिवाजीराव उभे राहिले. "माझं मत तरुणघराला. आणि पायवाट तळ्याकाठी नको, ओढ्यावरून वरच्या वस्तीपर्यंत काढू. बाक नकोत, झाडं नकोत, म्हणजे तरुणघर चालवूनही पैसे पुरतील. ओढ्यावर लाकडी साकव मात्र भक्कम हवा."

त्यांचा जुना सोबती तिथेच ताडकन उठला. "आम्हाला शब्द दिला होतास!"

"दिला होता. पण न बघता दिला होता. चूक माझी आहे. तिची भरपाई या पोरांनी का करायची?"

सोबती तणतणत निघून गेला. पुढे कितीतरी महिने तो भिवाजीरावांशी बोलला नाही. ते त्यांना फार लागले. तरीही त्यांनी मत बदलले नाही.

साकवाच्या फळ्या म्हाताऱ्या सुताराने तासल्या, त्याच्या हाताखाली वस्तीवरची मुले राबली. वाट झाल्यावर पहिल्या आठवड्यात सहा मुले आली. थंडी सरेपर्यंत तरुणघराची ओसरी अपुरी पडू लागली. वर्षभरात हौसाच्या हाताला सुतारकामाचे असे वळण लागले, की म्हातारा सुतार नव्या मुलांना तिच्याकडे पाठवू लागला.

पुढच्या वर्षी बाजारपेठेजवळची विहीर बुजवायची की उपसायची, असा प्रश्न पंचांपुढे आला. सगळे जमले, पण कुणी बसेना. आदल्या वर्षी हौसाच्या जिभेवर चिडलेले पंचच म्हणाले, "चला, आधी विहिरीवर जाऊन येऊ. पाणी भरणाऱ्यांना विचारू."

त्या दिवशी सभेला दुपारनंतर सुरुवात झाली.

या गोष्टीचे तात्पर्य एवढेच: कुणाला गरज नाही असे ठरवण्याआधी त्याच्या वाटेने एकदा चालून पाहावे, आणि आपले चुकले असेल तर चारचौघांत तसे म्हणावे.