दोन भोवरे आणि एक सुपारी

वांग्यांसाठी नावाजलेल्या एका गावात तान्हुबाई नावाची माळीण होती. तिला एकुलता एक मुलगा, हैबती. नाक सरळ, कपाळ रुंद, दात मक्याच्या दाण्यांसारखे. हे पोर घडवताना देवाने कुठे हात आखडला नव्हता. उलट एक गोष्ट जास्तीची दिली होती. हैबतीच्या टाळूमागे दोन भोवरे होते.

केस जिथून गरगर फिरत निघतात तो भोवरा. बहुतेकांना एकच असतो. ज्याला दोन, त्याला दोन बायका होणार, अशी त्या मुलखातली समजूत. मग त्याची पहिली व्हायला कोणती पोरगी तयार होईल?

हैबतीचं स्थळ तोंडावरून पसंत व्हायचं आणि डोक्यावरून मोडायचं. निघताना थोरांच्या पाया पडायला तो वाकला की टाळू सगळ्यांसमोर. एखादी म्हातारी आशीर्वादाला हात ठेवायची आणि तापल्या तव्याला लागल्यासारखा मागे घ्यायची.

अशात हैबतीने जत्रेत अनसाला पाहिलं. घरी येऊन म्हणाला, "आये, अनसा नाहीतर कुणीच नको. मग वांग्याच्या झाडाशी लाव माझं लगीन."

तान्हुबाईने कपाळाला हात लावला. कारण अनसा ही गेनबा आबांची नात, आणि गेनबा आबा म्हणजे बैलांचे नामांकित पारखी. अंगावर भोवरा कुठे आहे ते बघून बैल मारका की गरीब, हे ते बांधावरूनच सांगायचे. त्यांच्यापुढे हे डोकं न्यायचं कसं?

तिने न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, "काकी, भादरलं तर दोन विहिरी दिसतील, वाढवलं तर दोन झुडपं. काय पाहिजे ते सांगा."

शेवटी तिने नवऱ्याचा जुना फेटा काढला. पोराच्या पाठीला गुडघा लावून असा आवळला, असा आवळला, की भुवया पार कपाळावर चढल्या. हैबतीचं तोंड भूत बघितल्यासारखं झालं.

"आये, डोळे मिटत नाहीत."

"मिटायचे कशाला? मुलगी बघायला चाललास ना? आणि ऐक, छपराला आग लागली तरी फेटा काढायचा नाही."

गेनबांच्या घरी पाहुणचार चांगला झाला. अनसा पाणी घेऊन आली. पण पदर गालावर, नजर खाली, तोंड घट्ट मिटलेलं. काही विचारलं की नुसती मान हलवायची. एक गाल जरा फुगलेला. तान्हुबाईच्या मनात आलं, 'गालगुंड आहे का हिला? की मुकी आहे?' पण आपलंच डोकं झाकलेलं, दुसऱ्याच्या गालाचं कुठे विचारता?

"उकडतंय, फेटा ठेवा की खाली," गेनबा म्हणाले.

"राहू द्या," हैबतीच्या आधी तान्हुबाईच बोलली. "त्याला सवय आहे."

पानं मांडली. ज्वारीची भाकरी आणि झणझणीत आमटी. आता माणूस चावतो तोंडाने, पण हलतं कानशील. बोट लावून दात आवळून बघा, म्हणजे कळेल. हैबतीने पहिला घास चावला आणि फेटा जरा वर सरकला. दुसरा घास चावला, आणखी वर. कानशिलं फुगत होती आणि फेटा उंदरासारखा डोक्यावर चढत होता.

"हैबती, चावू नको!" तान्हुबाई ओरडली.

पोराने सगळे घास अख्खे गिळायला सुरुवात केली. डोळे बाहेर आले, तोंडाचा रंग वांग्यासारखा झाला. माजघरातल्या बायका कुजबुजायला लागल्या. एक म्हणाली, टक्कल असेल. दुसरी म्हणाली, चाई पडून केस गेले असतील. तिसरी म्हणाली, कान कापलेला आहे, माझ्या माहेरी होता एक असा.

गेनबा उठले. "पाव्हणं, दात बघू."

हैबतीने आ केला.

"दात तर नवे कोरे. मग चावत का नाही?" गेनबांनी हात झटकले. "तान्हुबाई, झूल काढू न देणाऱ्याकडून मी कधी बैल घेतला नाही. हे जमायचं नाही."

तान्हुबाईने पोराकडे पाहिलं. त्या ताणलेल्या तोंडावर ना हसू उमटेना, ना रडू. नुसते डोळे भरले होते.  तिने पुढे होऊन फेट्याचं टोक ओढलं. फेटा सुटला आणि दबून बसलेले केस ताडकन उभे राहिले. दोन भोवरे, दोन तुरे, एकमेकांना भिडायला निघालेल्या कोंबड्यांसारखे!

"बघा! दोन भोवरे आहेत माझ्या पोराला. एवढंच झाकलं होतं."

गेनबा वाकले, बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "एवढंच? मला वाटलं शिंग आहे."

त्याबरोबर वाढायला उभी असलेली अनसा खो खो हसली. तिच्या तोंडातून एक अख्खी सुपारी उडाली आणि हैबतीच्या आमटीत टपकन पडली. पदर सरकला. तिच्या एकाच गालाला खोल खळी पडली होती.

माजघरातल्या बायकांनी जीभ चावली. हसताना एकाच गालाला खळी पडली की ती पोरगी सासूला खाते, अशीही त्या मुलखातली समजूत होती. म्हणून तर पोरीला बजावलं होतं, हसायचं नाही. तरी हसू आलंच तर खड्डा दिसू नये म्हणून गालात सुपारी.

गेनबांची मान खाली गेली. तान्हुबाईच्या जिभेवर 'नको ग बाई' आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात तिला त्या सगळ्या म्हाताऱ्या आठवल्या, तिच्या लेकाच्या डोक्यावरून हात मागे घेणाऱ्या. तिने शब्द गिळला. हैबतीने गिळलेल्या भाकरीपेक्षा तो जड होता.

मग तिने अनसाच्या खळीवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "खाऊ दे की सासूला! कारल्यासारखी कडू आहे मी, पहिल्याच घासाला थुंकून टाकील."

गेनबांचा जीव भांड्यात पडला. "अनसे, त्याच्या दोन भोवऱ्यांचं काय?"

अनसा म्हणाली, "आबा, दुसरी आणायला धमक लागते. ह्यांना तर आईने सांगितल्याशिवाय घाससुद्धा चावता येत नाही."

हैबतीने आमटीतली सुपारी बाजूला काढली आणि कानशिलं फुगवून फुगवून चांगली जेवला.

लग्न झालं. दुसरी बायको काही आली नाही. तान्हुबाईला कुणी खाल्लं नाही. पुढे नातू झाला, त्याला दोन भोवरेही होते आणि एका गालाला खळीही. तान्हुबाई त्याचं डोकं उघडं ठेवून, गुदगुल्या करून हसवत, साऱ्या गावाला दाखवत फिरायची.

तात्पर्य: आपण जेवढं झाकतो त्याहून मोठं लोक मनात रंगवतात; आणि आपली उणीव दुसऱ्याने पोटात घालावी असं वाटत असेल, तर त्याची आपणही घालावी.