फोडायचं काम मशीनचं

मला एक सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? सांगितलेलं कानाआड करतो त्याच्यावर, की सांगितलेलं शब्दन्‌शब्द पाळतो त्याच्यावर? उत्तराची घाई करू नका. पेठेत उभी हयात घालवलेला दुकानदारसुद्धा इथं डोकं खाजवतो. जे गिऱ्हाईक भांडून गुळाचे चार खडे तोंडात टाकतं, त्याची भीती नसते. 'तुम्ही म्हणाल तो द्या' म्हणणारं गिऱ्हाईक आलं, की दुकानदाराला घाम फुटतो. सगळा भार आता आपल्या बोलण्यावर आला ना.

तर पिंपळोली नावाच्या एका गावात एक भोळा बाप होता. नाव विश्राम. गावच्या नळाला पाणी सोडायचं काम त्याच्याकडे. कामाच्या पहिल्या दिवशी सरपंच म्हणाले, "सकाळी सहाला चावी सोडायची." त्यानं सोडली. बंद कधी करायची, ते सरपंच बोलले नव्हते. दुपारी पाणी वर्गात शिरलं, शाळेला सुट्टी द्यावी लागली. पण माणूस असा, की एकदा सांगितलेलं कधी विसरत नसे. तीच पंचाईत होती.

विश्रामची एकुलती एक लेक मुक्ता. तिचं पराग नावाच्या मुलाशी जमत आलं होतं. दोघं एकमेकांना पसंत. मुलाचे वडील केशवराव राजी. घोडं अडलं होतं परागच्या आत्यापाशी. गोदाआत्यांच्या होकाराशिवाय त्या घरात लोणच्याची बरणी जागची हलत नसे. त्या नकार कधीच देत नसत. "पुढं बघू" एवढंच म्हणत. त्यांच्या "पुढं बघू"पायी परागची आधीची स्थळं उभ्या उभ्या वाळून गेली होती. मुक्ता आईला म्हणाली होती, "आई, या वेळीही तसंच झालं, तर मला दुसरं कुणी दाखवू नका."

रविवारी पाहुणे यायचे होते. मनासारखं झालं, तर त्याच बैठकीत सुपारी फुटणार होती. त्या भागात लग्न ठरतं ते सुपारीवर. दोन्हीकडच्या माणसांसमोर सुपारी फुटली की शब्द पक्का. मग मागं फिरणं नाही.

गोदाआत्यांचा सगळा संसार हुबळीकडे झालेला. चहाला त्या शिवत नसत. त्यांना कॉफी लागे, आणि चांगली लागे. हे कळल्यावर मुक्ताच्या मामानं, अरविंदनं, बंगळूरहून कॉफीचं मशीन पाठवून दिलं. आपोआप चालणारं. वरच्या डब्यात दाणे टाकायचे, मागच्या टाकीत पाणी, मधल्या गाळणीत कागद. बटण दाबलं की पोटातली पाती दाणे फोडणार, पाणी आपलं आपण तापून त्यावर ठिबकणार, आणि खाली काचेच्या भांड्यात कॉफी तयार.

विश्रामची बायको सुनंदा करंज्यांच्या तयारीत बुडालेली. ती म्हणाली, "अहो, कॉफीचं तुम्ही बघा. अरविंद सांगेल तसंच करा. स्वतःचं डोकं चालवू नका."

"बरं," विश्राम म्हणाला.

अरविंदचा फोन आला. "दाजी, मशीन नवीन आहे. पहिला घाणा मोरीत ओतून द्या."

नुसतं पाणी घालून एकदा मशीन चालवा, म्हणजे आतली धूळ निघून जाईल, असं त्याच्या मनात होतं. मनातलं तोंडात आलं नाही. विश्रामनं दाणे टाकले, पाणी घातलं, बटण दाबलं. घरभर वास सुटला. भांडं काठोकाठ भरलं. त्यानं ते नेलं आणि मोरीत ओतलं.

"अहो, कॉफी ओतली?" सुनंदा म्हणाली.

"पहिला घाणा."

"कॉफी कुणी ओततं का? ठेवायची असते."

विश्रामनं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कॉफी केली आणि ठेवली. फडताळात, वर ताटली झाकून. संध्याकाळी सुनंदानं घोट घेतला. तिचं तोंड कारल्यासारखं झालं.

"ही कधीची?"

"सकाळची. ठेवलीय."

तिनं भावाला फोन लावून दिला. "दाजी," अरविंद म्हणाला, "कॉफी ठेवायची नसते हो. वास मारते. भांडं भरलं की अर्ध्या तासात संपलं पाहिजे."

विश्रामनं ध्यानात ठेवलं.

पुढच्या सकाळी सुनंदा गिरणीवर गेलेली, मुक्ता शिवणाच्या क्लासला. विश्रामनं भांडंभर कॉफी केली. घरात दुसरं कुणी नव्हतं. घड्याळ तर पुढं चाललेलं. त्यानं एकट्यानं भांडं संपवलं. मग त्यानं अंगण झाडलं. शेजारचं अंगण झाडलं. देवळापुढचा पार झाडला. पारावर एक कुत्रं झोपलं होतं, त्याला उठवून त्याच्याखालची जागा झाडली.

"इतकी कॉफी एकट्यानं प्यायची नसते," सुनंदानं कपाळाला हात लावला. "चार माणसं गोळा करावीत."

विश्रामनं ध्यानात ठेवलं.

म्हणून शुक्रवारी भांडं भरताच तो धावत सुटला. समोरच दत्तू सुताराचं घर.

"दत्तूदा, चार माणसं पाहिजेत. आत्ताच्या आत्ता."

दत्तूच्या हातातला रंधा थांबला. "काय झालं?"

"अर्ध्या तासात उरकायला पाहिजे. उशीर झाला तर वास मारेल."

दत्तूनं रंधा खाली ठेवला. त्यानं डोक्याला टॉवेल गुंडाळला. वाटेत आणखी तिघांना हाक मारली. त्यातल्या एकानं शहाणपण करून खांद्यावर बांबू घेतला. चौघं येऊन अंगणात खाली माना घालून उभे राहिले. सुनंदा पीठ चाळत बाहेर आली.

"वहिनी, धीर धरा," दत्तू म्हणाला.

"कशाला?"

"दादा चांगला माणूस होता."

"होता म्हणजे? आत्ता तर तुमच्याकडे आले होते."

दत्तूनं आठवून पाहिलं. ते खरं होतं. "मग गेलं कोण?"

इतक्यात विश्राम ट्रे घेऊन बाहेर आला. "घ्या, गरम आहे तोवर."

चौघांनी घेतली. बांबूवाल्यानं साखर जास्त मागितली. पिऊन झाल्यावर दत्तू म्हणाला, "दादा, राग मानू नका. पण ही पुठ्ठा उकळल्यासारखी लागतेय."

माणसं गेल्यावर सुनंदा म्हणाली, "अहो, दारात माणूस आला की आधी सांगावं ना, काय झालंय आणि काय झालेलं नाही ते."

विश्रामनं ध्यानात ठेवलं. आणि पुठ्ठ्याचं अरविंदला विचारलं.

"कागदाची चव उतरतेय, दाजी. कागद कोरडा वापरायचाच नाही. आधी गरम पाण्यानं छान भिजवून घ्यायचा."

तेही ध्यानात ठेवलं.

शनिवार उजाडला. विश्रामला मशीनची दया आली. चार दिवसांपूर्वी आलेलं, अजून घरात रुळलेलं नाही. नव्या सुनेला आल्या आल्या कुणी दळायला बसवतं का? त्यानं खलबत्ता काढला, दाणे स्वतः कुटले आणि ते पीठ वरच्या डब्यात भरलं. मशीन गुरगुरलं, खोकलं आणि गप्प झालं. खाली आलं ते नुसतं कोमट पाणी.

सुनंदाचा जीव टांगणीला लागला. उद्यावर पाहुणे, आणि मशीन रुसलेलं. मुक्तानं मुकाट्यानं ब्रश घेतला आणि पात्यांतून पीठ झटकून काढलं. डोळे पुसले की उडालेली पूड पुसली, कुणी विचारलं नाही.

अरविंद फोनवर या वेळी एकेक शब्द सुटा करून बोलला. "दाजी, नीट ऐका. फोडायचं काम मशीनचं. तुम्ही हात लावायचा नाही. आधी काही फोडून ठेवायचं नाही. पाणी ताजं, दाणे मापानं. पाहुणे बसले की त्यांच्यादेखत वर टाका, फोडा, आणि लगेच प्यायला द्या. चांगल्या कॉफीचं एवढंच गुपित आहे."

विश्रामनं तसंच केलं. खरं ते सांगायला पाहिजे, त्या संध्याकाळची कॉफी झकास झाली. सुनंदानं पहिल्यांदाच कप रिकामा करून खाली ठेवला. मुक्ता हसली.

"उद्या अगदी असंच करा," सुनंदा म्हणाली. "यातलं एक अक्षर बदलू नका."

रविवारी पाहुणे आले. मशीन बैठकीच्या खोलीतच मांडलं होतं. शेजारी पितळी ताट. ताटात हळदकुंकू, नारळ आणि विड्याच्या पानावर एक छोटी सुपारी. विश्राम दारात उभा होता. गोदाआत्यांनी उंबऱ्यात पाऊल टाकलं, तसा तो हात जोडून म्हणाला, "आधीच सांगतो. आमच्याकडे कुणी गेलेलं नाही. चारही माणसं परत गेली. बांबूसुद्धा घेऊन गेली."

गोदाआत्यांनी पाऊल मागं घेतलं.

केशवराव खो खो हसले. त्यांना वाटलं, व्याही विनोदी आहे. "चल अक्का, आत चल. बांबू नेलाय म्हणतायत."

गोदाआत्या बसल्या त्याच पाठ ताठ ठेवून. करंजीला हात न लावता म्हणाल्या, "मुलीची पत्रिका परत एकदा बघीन म्हणते. शनी कुठं बसलाय, त्याचा मला संशय आहे. आमच्या जोशांना दाखवते. मग पुढं बघू."

सुनंदाचा चेहरा उतरला. मुक्ता खाली बघून पदराचा काठ दुमडत राहिली. लेकीचे ते हात विश्रामला दिसले. काहीही झालं तरी आज आपल्याकडून चूक व्हायला नको, असं त्यानं मनाशी घट्ट ठरवलं. तो आत गेला, ट्रंकेतून पत्रिका काढली. शाईनं लिहिलेला जुना कागद. कागद हातात आला आणि त्याला आठवलं. कोरडा वापरायचाच नाही. त्यानं पत्रिका गरम पाण्यात छान भिजवली, निथळली आणि दोन्ही हातांनी अदबीनं आत्यांपुढं धरली.

आत्यांनी चष्मा लावला. काढला. परत लावला. "यात शनी कुठाय?"

"आत्तापर्यंत होता," विश्राम म्हणाला.

"मग गेला कुठं?"

"पाण्याबरोबर मोरीत गेला."

"शनी गेला तर उत्तमच झालं की," केशवराव म्हणाले. "लोक त्यासाठी तेल वाहतात. यांनी गरम पाण्यात काम केलं."

सगळी बैठक हसली. आत्या हसल्या नाहीत. सुनंदा आणखी करंज्या आणायला उठली. जाता जाता विश्रामच्या कानाशी लागली. "अहो, सुपारी फोडायचीय. ध्यानात आहे ना?"

"आहे," विश्राम म्हणाला.

त्याच्याइतकं ध्यानात कुणाच्या असणार? पाहुणे बसलेले आहेत. त्यांच्यादेखत आहे. हात लावायचा नाही, फोडायचं काम मशीनचं. त्यानं टाकीत ताजं पाणी घातलं. कागद भिजवला. दाणे मापानं टाकले. मग ताटातली सुपारी उचलली, कपाळाला लावली आणि दाण्यांवर ठेवली. बैठक अजून शनीतच होती. बटण दाबलं. मशीन एकदा कण्हलं, दोनदा अडलं, मग घरघरून कामाला लागलं. खोलीभर असा वास सुटला, की आत्यांची ताठ पाठ पहिल्यांदा जराशी लोडाला टेकली.

दूधसाखर घालून विश्रामनं पहिला कप आत्यांना दिला. त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले.

"ही कुणी केली?"

"मशीननं," विश्राम म्हणाला.

"इतकी वर्षं हुबळीत प्याले. ही चव नाही मिळाली. काहीतरी तुरटसं मागं रेंगाळतंय. घातलंत काय यात?"

"सांगितलं होतं तेवढंच."

आत्यांनी दुसरा कप मागून घेतला. तोही संपवला. पदरानं ओठ टिपले आणि म्हणाल्या, "मुलगी गुणाची आहे. माणसं जरा वेगळी आहेत, पण चालेल. फक्त सुपारीची घाई नको. दिवाळी होऊ दे, मग पुढं..."

"फुटली," विश्राम म्हणाला.

"काय फुटली?"

"सुपारी. तुमच्यादेखत फोडली. लगेच प्यायलाही दिली."

सगळ्यांचे डोळे ताटाकडे गेले. विड्याचं पान रिकामं होतं. मग सगळ्यांचे डोळे आत्यांच्या कपाकडे गेले. तोही रिकामा होता.

"म्हणजे ती माझ्या पोटात?" आत्या म्हणाल्या.

"दोन कप," विश्राम म्हणाला.

केशवरावांना हसू आवरेना. "अक्का, लोक एकदा शब्द देतात. तू परत मागून घेतलास."

"केशव, गप्प बस."

"बसतो. पण फुटलेली सुपारी सांधता येत असेल तर सांग. मग पुढं बघू."

गोदाआत्यांनी कपात पाहिलं. मुक्ताकडे पाहिलं. मग आत्यांच्या खांद्यांना बारीक हादरे बसू लागले, आणि त्या अशा हसल्या की चष्मा नाकावरून घसरला. "ये गं पोरी, इथं माझ्याजवळ बस," त्या म्हणाल्या. "जी गोष्ट मी गिळून बसले, तिला आता नाही कशी म्हणू? ठरलं. विश्रामराव, उरलंय काय आता? तेवढा नारळ फोडा."

स्वयंपाकघरात सुनंदाच्या कानावर हे शब्द पडले. हातातलं ताट टाकून ती पळत आली. पण उशीर झाला होता.

विश्रामनं नारळ वरच्या डब्यात घालून पाहिला. मावेना. आडवा घातला. मावेना. तो क्षणभर थांबला. स्वतःचं डोकं चालवायचं नव्हतं. फोडायचं काम मशीनचं, हे तर पक्कं होतं. तेव्हा त्यानं नारळ पाहुण्यांच्यादेखत जमिनीवर ठेवला, मशीन दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं, आणि हाणलं.

नारळाची दोन भकलं झाली. मशीनची मोजायला कुणी बसलं नाही.

हसा, पोटभर हसा. पण हसून झालं की हिशेब खरा मांडा. मोडकं मशीन विश्रामच्या नावावर टाकणार असाल, तर जमलेलं लग्नही त्याच्याच नावावर टाका. आणि 'आम्ही सांगू तसंच करा' म्हणणाऱ्यांच्या नावावरही काही ना काही निघतंच. तेवढं लपवू नका, एवढी विनंती आहे.