आऊसाहेबांच्या बैठका

कडेगिरीच्या राजमाता आऊसाहेब तापानं पार खंगल्या होत्या. कूस बदलायलाही त्यांना सुनेचा, राणी उमाऊंचा, हात लागे. अशात राजवैद्य नीळकंठशास्त्री नवं रसायन घेऊन आले. दरबारानं ते कालच मंजूर केलं होतं.

"म्हाताऱ्या जिवाला हे सोसेल ना?" उमाऊंनी विचारलं.

शास्त्रीबुवांच्या कपाळावर आठी पडली. "राणीसाहेब, तालमीतल्या सगळ्या पैलवानांना पाजून पाहिलंय. एकालाही साधी मळमळ झाली नाही!"

"मग आता शंका कसली?" आईच्या उशाशी उभे असलेले राजे म्हणाले.

उमाऊंनी सासूबाईंना हळूच उठवून बसवलं, पाठीला आपला खांदा दिला. "शंका काही नाही. आऊसाहेब, आधी शंभर बैठका मारा, मग औषध घ्या. ते पैलवानांसाठी पारखलेलं आहे."

राजे चपापले. शास्त्रीबुवांनी आऊसाहेबांच्या काटकुळ्या हातांकडे पाहिलं आणि रसायन बाजूला ठेवलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "आधी म्हाताऱ्यांना, त्यांच्या राजीखुशीनं, थेंबाथेंबानं देऊन पाहतो. मीही म्हाताराच आहे. सुरुवात माझ्यापासून."

आऊसाहेब कितीतरी दिवसांनी हसल्या. "सूनबाई, बैठका उद्या मारते हं. आज जरा पेज भरव."