उचल, धर, उतरव

एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल तेवढंच करायचा. त्याची आई सारजा रोज मनाशी म्हणायची, ‘चूक पोराची, की सांगणारीची?’

म्हाळूच्या बहिणीचं, वेणूचं, लग्न ठरलं होतं. तोवर पोरगा जरा वळणावर यावा म्हणून सारजाने त्याला रंगा वस्तादांच्या तालमीत घातलं.

पहिल्याच दिवशी म्हाळूने मणभराची दगडी गोटी उचलली आणि दिली सोडून. थेट वस्तादांच्या अंगठ्यावर.

“रेड्या! उतरवताना सावकाश! त्यानेच दंड कमावला जातो.”

“बरं.”

घरी दूध उतू चाललं होतं. “म्हाळ्या, पातेलं उतरव!”

म्हाळूने उतरवलं. सावकाश. पातेलं खाली टेकलं तेव्हा तळाशी साय तेवढी उरली होती.

सारजाने कपाळाला हात लावला. ‘झटकन म्हणायला हवं होतं मी.’

मग वस्तादांनी पुढचं शिकवलं. “वर नेलंस की धरून ठेव. मी सांगेपर्यंत हात हलता कामा नये.”

“बरं.”

म्हाळू आडावर गेला. भरली घागर वर ओढली आणि धरून उभा राहिला. मागे बायका खोळंबल्या.

“मेल्या, सरक की!”

“वस्ताद सांगतील तेव्हा.”

वस्तादांना बोलावून आणावं लागलं. ते म्हणाले, “गड्या, घागर कसली धरतोस? समोरचं सगळ्यात जड असेल ते उचलावं!”

“बरं.”

लग्नाचा दिवस उजाडला. वराची आजी भारी कडक. “मुहूर्त टळला तर वऱ्हाड माघारी नेईन,” असं तिने बजावलं होतं. सारजाने खूप विचार करून म्हाळूला अंतरपाट धरायला दिला. फडक्यात काय चुकणार?

मंगलाष्टकं संपली. भटजी ओरडले, “उचला आता!”

“झटकन रे, म्हाळ्या!” सारजा म्हणाली.

म्हाळूने पाहिलं. हातात फडकं. समोर नवरदेव, हलवायाचा मुलगा, चांगला पोसलेला. त्याने फडकं टाकलं आणि नवरदेव उचलला. झटकन. डोक्याच्या वर. आणि धरून ठेवला.

वेणू हार घेऊन टाचा उंचावत राहिली. “दादा, सोड ना रे!”

“वस्ताद सांगतील तेव्हा.”

वस्ताद आचाऱ्यापाशी जिलबी चाखत होते. ते धावत आले. “उतरव!”

म्हाळूने उतरवला. सावकाश. नवरदेवाचे पाय पाटाला टेकले तेव्हा मुहूर्त टळला होता.

“जुंपा रे गाड्या!” आजी कडाडली.

सारजा रडकुंडीला आली. वस्ताद मात्र लग्नच विसरले होते. “शाबास! तिन्ही बिनचूक! आता पुन्हा एकदा!”

“बरं,” म्हाळू म्हणाला. नवरदेवाहून जड मांडवात एकच होतं.

आजी.

“लावा रे लग्न!” आजी वरून किंचाळली. “कुठलाही मुहूर्त चालेल, पण मला उतरवा!”

वस्तादांनी सांगितलं. म्हाळू उतरवू लागला.

आजीचे पाय जमिनीला टेकले तेव्हा लग्न लागून पहिली पंगत उठली होती.